शेवंताक्का गड्याचं तिकीट काढती

आमच्या कर्नाटकाच्या गाडीत बायकांना फुकट हाय. आधार कार्ड दावायचं, शून्याचं तिकीट घ्यायचं आन बसायचं. निपाणीच्या ष्टँडवर ह्ये लेकराला बी ठावं हाय. तरी आमची शेवंताक्का दर येळंला पैसं देऊन तिकीट काढती. सोताचं न्हाई, गड्याचं.

"एक शून्य, एक गंडस," म्हनती कंडाक्टरला. गंडस म्हंजे बापय मानूस.

कंडाक्टर शिटाकडं बगतोय. खिडकीला शेवंताक्का. शेजारी लाल टावेल. टावेलावर कोन न्हाई.

"अज्जी, यजमानरु एल्लि?" मालक कुटं हाईत, इचारतोय.

"बरतार री, बरतार. येत्यात."

गाडीत मानसं लोंबकळत्यात आन ही बया टावेलावर हात ठेवून बसलीया. गाडी ष्टँडवर लागली की ही खिडकीतनं आदी टावेल फेकती, मंग दारातनं सोता चढती. त्ये आमी समदीच करतो. पर टावेल टाकून मानूस यायचंच न्हाई, आसं कोन करत न्हाई.

"ओ आज्जी, उचला की टावेल!"

"मानूस येनार हाय."

"गाडी सुटली की वो!"

"मग पळत येतील."

गाडी हायवेला लागती, तवंदीचा घाट चढती. घाट सपला की शेवंताक्का टावेल उचलती, झटकती, घडी घालून पिशवीत ठेवती. "आज बी न्हाई आलं," म्हनती. जसा काय दूधवाला आला नसावा. मंग मागं वळून हाक मारती, "इंदे, ये, बस."

इंदी म्हंजे मी. आमी दोगी तंबाखूच्या वखारीत एका रांगंत बसून जलम काढला. चाळनी मारायची, तंबाखूचा भुगा नाकात, डोळ्यात, भाकरीत. माझं मालक गेलं तवा धाकटी अंगावर पीत हुती. चौथ्या दिशी मी वखारीत. डोळ्याला पानी यायचं तर बायका म्हनायच्या, रडती बिचारी. मी म्हनायची, तंबाखू हाय गं ती. खरं काय हुतं त्ये मला बी कळायचं न्हाई. रडून तंबाखू कमी तिखट हुत न्हाई, येवडं मातर कळलं.

आता गुडघं गेल्यात. मी पायरी चढूस्तवर समद्या जागा भरत्यात. माझी जागा धराय कोन न्हाई. म्हनून तवंदीपतूर मी उभी, तवंदीच्या फुडं मी शेवंताक्काच्या शेजारी. दोन वर्सं आसंच चाललं हुतं.

तुमी म्हनशीला, ह्या दोन म्हाताऱ्या उन्हातान्हाच्या बेळगावला कशाला मराय जात्यात? तर चित्रं बगाय.

हासू नका. वैशाख सपत आला की बेळगावात जितंतितं प्रदर्शनं आसत्यात. पोरांच्या सुट्टीतल्या वर्गांची, कालेजातल्या पोरींची, रांगोळीची, मातीच्या बावल्यांची. मिरुग लागायच्या आत समदं उरकून घेत्यात. शेवंताक्का ष्टँडवरच्या पेपरवाल्याला इचारती, "आज कुटं काय मांडलंय रं?" त्यो वाचून सांगतोय. की निगाली.

एकदा त्येनं सांगिटलं, मैदानावर मोटं प्रदर्शन हाय. आमी गेलो. बगतोय तर हिरीतलं पानी उपसायच्या मोटारी! बोरात सोडायच्या, हिरीवर बसवायच्या, वळीनं मांडलेल्या. मी म्हन्लं, "आक्का, चल मागारी." ती म्हनली, "आता आलोय न्हवं? बगाय काय पैसं पडत्यात?" आन एकेका मोटारीम्होरं हात मागं बांधून हुबी ऱ्हायली. सायेब पळत आला. "किती एकर हाय आज्जी तुमचं?" ही म्हनती, "रान न्हाई वो. निळा रंग ब्येस दिलाय."

चित्राम्होरं तर तिचं लई बगन्यासारकं. म्हाताऱ्याचं चित्र आसलं की आदी पदर सावरती. "जेवलासा का?" इचारती. कुटं नुसतं लाल-पिवळं फरकाटं आसलं, की काडनाऱ्या पोरीला म्हनती, "बाई, ह्ये वाळाय घातलंय व्हय? मी मागनं येऊ?" पोरी त्वांड दाबून हासत्यात. मी चार पावलं लांब हुबी ऱ्हाती, जसं काय ही माझी कोन न्हवं.

आन त्यो टावेल! एकदा उद्घाटन हुतं. हिनं पयल्या रांगंत दोन खुडच्या धरल्या. एकीवर सोता, एकीवर टावेल. मोटं पावनं आलं, त्यास्नी जागा न्हाई. पोरगी येऊन हळूच म्हनली, "आज्जी, ही खुर्ची पाहुण्यांची आहे." शेवंताक्का म्हनली, "माजं बी पावनंच हाईत. येनार हाईत." पावन्यानं प्लास्टिकच्या स्टुलावर बसून भाशन ऐकलं. सोताचं भाशन मातर हुबा ऱ्हाऊन केलं, म्हनून बरं.

तर ह्यो टावेल कुनासाठी, त्ये सांगती. तिचं मालक जित्तं हाईत. घरात हाईत. नारू पेंटर म्हन्लं की जुनी निपाणी वळकती. वखारीवरची नावं, दुकानाचं बोर्ड, भिंतीवरच्या जाहिराती, समदं त्येंच्या हातचं. हितनं बेळगावापतूर हायवेला त्येंचं बोर्ड हुतं. डेरीच्या भिंतीवर एक म्हस काडलीती, लोकं म्हनायची, हिच्याम्होरं वैरन टाकली तर खाईल.

मंग ती डिजिटल बोर्डं आली. कापडावर छापायचं आन टांगायचं. एक दिस डेरीवाल्यानं त्या म्हशीवरच डिजिटल ठोकलं, पुडाऱ्याच्या वाडदिवसाचं. नारुआण्णा सायकलीवरनं बगून आलं. रंगाच्या बरशी रॉकेलच्या डब्यात बुडवल्या, त्या बुडवल्याच. त्या दिसापासनं चित्राचं नाव काडलं की उठून जायचं. बेळगावला चला म्हन्लं की एकच बोलनं, "रस्ताभर माजीच मडी बगत जाऊ व्हय?"

भिताडाकडं त्वांड करून बसायचं. जेवायचं, निजायचं, परत भिताड. शेवंताक्का मला म्हनली हुती, "इंदे, मानूस मेलं तर रडता येतंय. ह्ये आसं बसलं तर काय करायचं?" आन दुसऱ्या दिशी तिनं पयलं तिकीट काडलं.

घरी आली की त्ये तिकीट नारुआण्णाच्या च्याच्या बशीखाली सारायची. "तुमचं तिकीट वाया गेलं." आता त्यो मानूस आसा, की रंगाचा डबा सपला तरी काडी घालून खरवडनारा. वाया म्हन्लं की त्येला ताप चडतोय.

"मी येनार न्हाई म्हन्लं न्हवं? मग काडतीस कशाला?"

"आन आला आसता तर?"

"न्हाई येनार!"

"बरं. उद्या काडती."

मला वाटायचं, म्हातारीचं डोस्कं फिरलंय. त्ये खोटं हुतं, ह्ये मला गेल्या वैशाखात कळलं.

मिरुग चार दिसांवर आला हुता. आमी वर्साचं शेवटलं प्रदर्शन बगून आलो. एका कालेजच्या पोरीनं म्हस काडलीती, पान्यात बसाय निगालेली. लई झ्याक. शेवंताक्का त्या म्हशीम्होरं येवडा येळ हुबी, की मला वाटलं आता धार काडती. काय बोलली न्हाई. ह्येच नवल.

घरी यायला अंधारून आलं, तवा मी पयल्यांदाच तिच्या सोप्यात च्याला टेकली. नारुआण्णा भिताडाकडं. तिकीट बशीखाली गेलं. आन शेवंताक्का सुरू झाली.

"आज एक म्हस हुती. शिंगं पोटाखाली."

मी चमकून बगितलं. शिंगं डोस्क्यावर हुती की! मी त्वांड उगडनार, तंवर हिनं माझ्या पायावर पाय दिला. लई जोरात दिला.

नारुआण्णा भिताडालाच म्हनलं, "शिंगं कुटं आसत्यात, कळतंय का तुला?"

"मी बगितलं तसं सांगती. आन पाय पाच हुतं."

"पाच?"

"मोजलं की मी."

"शेपूट मोजलं आसशील."

"शेपूट धरून सा."

मानूस गर्रकन फिरलं. डोळं लालभडक. "आगं, म्हशीची पाठ आदी वडायची, मंग खांदा, मंग पाय! पाच पाय बसवायचं म्हन्लं तरी बसत न्हाईत! कालेजात ह्येच शिकवत्यात व्हय?" आन बोटानं हवंत म्हस काडाय लागलं. पाठ, खांदा, वशिंड नसतंय म्हनून सांगाय लागलं. शेवंताक्का बावळट त्वांड करून, "हां हां, पर मी बगितली तिला हुतं." परत आरडाओरडा. परत म्हस.

त्या दिशी मला उजेड पडला. दोन वर्सं ही दर खेपंला घरी येऊन आसंच उलटंपालटं सांगत हुती. हिरवा सूर्व्या, तीन हातांची बाई, पंक असलेला रेडा. तेवडा येळ तरी त्यो मानूस भिताड सोडून हिच्याकडं बगायचा, चित्रावर बोलायचा. लोकं हासत हुती तवा ही चित्र ध्यानात धरत हुती. नीट ध्यानात ऱ्हायलं तरच चुकीचं सांगता येतंय.

सकाळी ष्टँडवर गेलो तर नारुआण्णा आमच्या आदी हाजर. धुतलेला सदरा, डोस्क्याला त्याल.

"मी चित्र बगाय चाललो न्हाई," म्हनलं. "म्हस बगाय चाललोय. पाच पायाची."

शेवंताक्कानं टावेल हातात घेतला. गाडी लागली. नेमापरमान टावेल खिडकीतनं आत. ती चढली, बसली, टावेलावर हात ठेवला आन सरळ म्होरं बगाय लागली. नारुआण्णा खाली हुबं. डायवरनं हारन दिला. मला वाटलं, झालं, फिरलं मागारी. शेवंताक्कानं मान वळवली न्हाई, हाक मारली न्हाई. हात मातर टावेलावर आवळला, येवडं मला दिसलं.

गाडी हलली. आन मानूस दांडीला धरून वर आलं. टावेल उचलला, बुड टेकलं, टावेल मांडीवर घेतला.

कंडाक्टर आला. बगितलं, टोपी मागं सारली. "अज्जी! बंदरु!" आलं की, म्हनून गाडीभर वरडला. तिकीट फाडून नारुआण्णाच्या हातात दिलं. "यजमानरं, दोन वर्सं तुमास्नी न बगता तुमचं तिकीट फाडाय लागलोय. आज त्वांड दिसलं."

घाट चढला. सवयीनं शेवंताक्काचा हात टावेल उचलाय गेला आन मधीच थांबला. मी बी सवयीनं शिटाकडं बगितलं. शीट भरलेली. बेळगावच्या तोंडावरची काकती आली तरी मी हुबीच. गुडघं बोलाय लागलं. पर मला कसं सांगू, उभ्या उभ्याच बरं वाटाय लागलं हुतं. नारुआण्णानं टावेल तोंडावर घेतला हुता, बाजूचं बोर्ड दिसू नेत म्हनून. शेवंताक्का त्येंच्या वतीनं खिडकीबाहेर बगत हुती.

हालात म्हस हुती तितंच हुती. नारुआण्णा जवळ गेलं, लांब आलं, वाकलं. मंग सावकाश वळलं.

"पाय चार हाईत."

"व्हय?" शेवंताक्का म्हनली.

"शिंगं डोस्क्यावर हाईत."

"मग रातीत बदललं आसंल."

मी पदर तोंडात कोंबला. नारुआण्णा हिच्याकडं बगतच ऱ्हायलं. म्हशीकडं बगत हुतं तसंच, आदी पाठ, मंग खांदा. मंग त्या पोरीला म्हनलं, "पोरी, डोळा झ्याक जमलाय. पान्यात बसायच्या आदी म्हस आशीच बगती." पोरीनं वाकून नमस्कार केला. फुडं आमचं म्हातारं समद्या हालात एकेक चित्र बगत फिरलं. शेवंताक्का मागनं, आन पयल्यांदाच एका बी चित्राला काय न बोलता.

परतीला बेळगावच्या ष्टँडवर ही गर्दी. गाडी येताना दिसली. मी मनात म्हन्लं, इंदे, आता निपाणीपतूर हुबी. तवंदी म्हनू नको, कायच म्हनू नको. तुझी शीट गेली, आन ब्येस झालं.

तंवर शेवंताक्कानं पिशवीतनं टावेल काडला. एक टोक नारुआण्णाच्या हातात दिलं. "धरा."

"चांगला टावेल हाय की गं! वाया जातंय!"

"धरा म्हन्लं न्हवं."

धरलं त्येंनी. दोगांनी दोन बाजूनं वडला. चर्र! मधनं दोन झालं. गाडी थांबायच्या आत शेवंताक्कानं एक तुकडा एका खिडकीतनं टाकला, दुसरा मागच्या खिडकीतनं.

मी सवयीनं समद्यांच्या मागनं चढली. मानसं दाटीवाटीनं हुबी. आन मागच्या बाकावर, खिडकीला, आर्दा लाल टावेल. एक गडी त्येच्यावर बसाय निगाला हुता.

"ओ, तितं मानूस येनार हाय!" शेवंताक्का वरडली.

"कुटं हाय मानूस?"

"ही काय, आली."

मी बसली. टावेल मांडीवर घेतला आन खिडकीबाहेर बगाय लागली. काकती मागं गेली, संकेश्वर आलं. म्होरनं नारुआण्णाचा आवाज यायला लागला, पाठ आदी वडायची, मंग खांदा. शेवंताक्का हां हां म्हनत हुती. डोळ्याला पानी आलं माझ्या. तंबाखू न्हाई की गाडीत.