किल्लेदारांचे वर्षासन आणि पाचवे कलम

श्री. जी सर्वांचे ऐकते आणि उत्तर मात्र कोणासच देत नाही, त्या कुलस्वामिनीचे चरणी मस्तक ठेवून लिहिणे ऐसे जे, शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरे, भाद्रपद मासी, गडाच्या सदरेमागे पडद्याआड बसून लाडूबाईसाहेब पानास चुना लावीत पुटपुटल्या, "यांना आकडा तेवढा ऐकू येतो, बायको ऐकू येत नाही." हे पडद्याने ऐकिले, सदरेने ऐकिले नाही.

सदरेवर प्रसंग थोर होता. बाईसाहेबांचे यजमान, किल्लेदार दर्याजीराव निंबोळे, वय वर्षे बासष्ट, चाळीस वर्षे गड राखून चाकरीतून मोकळे जाहले, आणि सरकारांनी त्यांची जन्माची साठवण, नऊ हजार रुपये, एकदम हाती दिली, आणि मग फिकीर पडली की घरी ठेविली तर पाहुणे खातील, आणि जपून खाल्ली तरी आधी रक्कम सरते की माणूस, हे कोणी सांगावे. तेव्हा कोठीवाले त्रिंबकशेट यांस पाचारण जाहले. शेटजींनी अर्ज केला की रक्कम कोठीस द्यावी, आणि कोठी श्वास चालेतो दरसाल वर्षासन पोचवील. कोणी दोन वर्षांत आटोपतो, कोणी नव्वदी गाठतो, पहिल्याचे उरते ते दुसऱ्यास पुरते, आणि मधल्यामध्ये कोठीही जगते. मग कलमे वाचिली. पहिले, केवळ रावसाहेबांचे हयातीपुरते, दरसाल नऊशे. दुसरे, दहा वर्षांची हमी, मध्ये काही कमीजास्त जाहले तरी दहा वर्षे भरेतो वारसास पोचेल, आठशे साठ. तिसरे, महागाई पाहून दरसाल वाढते, परंतु आरंभ अवघा सहाशेंचा. चौथे, मुद्दल अखेरीस वारसास परत, सहाशे साठ. आणि पाचव्या कलमाशी येऊन शेटजी खोकले, पडद्याकडे पाहिले आणि पान उलटिले. त्या मुलखाचा रिवाजच होता की कपाळी कुंकू असलेल्या बाईच्या कानी तसली गोष्ट घालू नये, आणि पडदा पातळ होता. कोणी विचारिले नाही. शेजारच्या गडाचे किल्लेदार आठशे पन्नास घेतात ही बातमी रावांस होती, सबब आज्ञा जाहली की नऊशेच्या खाली लिहिणे म्हणजे गडाची लाज. लोकांनी वाहवा केली. शेटजी वदले की कागद तीस दिवस घरी ठेवावा, कलम बदलणे तर तोवर बदलावे, तिसाव्या दिवशी शिक्का होईल, मग ब्रह्मदेव आला तरी अक्षर हलणार नाही.

आता बाईसाहेब धान्याच्या पोत्यांवरील चिठ्ठ्या पाहून पाहून आपल्या आपण अक्षरे शिकल्या होत्या, हे घरात कोणास ठाऊक नव्हते, कारण कोणी पुसले नव्हते. राव वामकुक्षीस गेले आणि यांनी कागद उघडिला. पाचवे कलम ऐसे की, रावांचे पश्चात त्यांचे कुटुंबास, तिचे हयातीपर्यंत, तेच वर्षासन पुढे चालावे, दरसाल सातशे. बाईसाहेबांचे वय सेहेचाळीस. त्यांची आई ब्याऐंशीव्या वर्षी अजून सुनांचे स्वयंपाकास नावे ठेवीत होती. हिशेब बोटांवर मावेना. मग रावांस हळूच पुसिले की पाचवे काय आहे, तो उत्तर आले की ते तुमच्या कामाचे नाही. मग चिरंजीव हैबतराव यांस पुसिले, तो ते म्हणाले, मी आहे ना, आणि म्हणता म्हणता आपल्या बायकोकडे पाहिले. मग भटजींस पुसिले, त्यांनी अखंड सौभाग्याचा आशीर्वाद दिला, दक्षिणा घेतली आणि लगबगीने गेले. आणि खरे लिहावे तर बाईसाहेबांचीही जीभ रेटत नव्हती. आपण आधी जावे म्हणून दरसाल उपास केलेले, आता ते कलम मागणे म्हणजे आपल्या हाते कपाळ पुसणे. त्यात राव अलीकडे गडाच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबत, आणि लोकांस कळू नये म्हणून बाईसाहेबच म्हणत की माझा गुडघा धरला, जरा बसू. ऐसे एकोणतीस दिवस गेले.

तिसाव्या दिवशी सदर भरली, पेढे आले, शेटजींनी कागद पसरिला आणि रावांनी शिक्का शाईत बुडविला. तो पडदा सरला आणि बाईसाहेब भर सदरेत येऊन उभ्या राहिल्या. हैबतराव आईसाहेब, आईसाहेब म्हणत उठले, भटजींनी कानांवर हात ठेविले, आणि राव दरडावून म्हणाले की आत जा. त्या गेल्या नाहीत. एवढ्या हकीकतीचे सार इतकेच की त्या सदरेवर अकरा शहाणे बसले होते, अकराही जणांस ठाऊक होते, आणि तीस दिवस अकराही जण चूप होते. बाईसाहेबांनी रावांचे मनगट धरिले, शिक्क्यासकट, आणि आवाज न चढविता बोलिल्या,

"तुम्ही माझ्या आधी मरणार. मी मागे उरणार. मी काय खायचे ते आधी लिहा, मग शिक्का करा."