सतरा परवाने आणि गाठींचा खांब

श्री. फासा ज्याच्या हातचा, त्या जगन्नियंत्यास नमन करून लिहिणे जे, शके सोळाशे बाहत्तर, प्रमोद नाम संवत्सर, चैत्रमासी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, जुगाराचा फड एकच होता, तो सरकारचा, आणि त्यावर गोमाजी दारोगा बत्तीस वर्षे होते. माणूस पोटाने थोर, मनाने त्याहून थोर. दारोग्याने स्वतः फासा टाकू नये ऐसा नेम, तो त्यांनी पाळिला, परंतु दुसऱ्याचा फासा पडता यांचीच बोटे वळवळत. फडाच्या दारी एक खांब होता. ज्या बाईचा नवरा किंवा लेक खेळापायी घर विसरला, तिने त्याच्या वस्त्राची चिंधी आणून, नाव सांगून, खांबास गाठ मारावी, आणि तिनेच सोडीपर्यंत त्यास आत घेऊ नये, मग तो सरदाराचा जावई का असेना, ऐसी रीत.

मग लोक नदीपार चोरून खेळू लागले, तेव्हा दिवाणजींनी मसलत केली की, चोरून खेळतात ते डोळ्यांपुढे खेळोत, आणि सतरा जणांस सतरा परवाने दिले, सरकारचा फड मोडिला, आणि गोमाजीस शाल देऊन घरी बसविले. नवे फड बहुत थाटाचे, गाद्या काय, अत्तर काय! आणि आठ दिवसांत गाठीतला, म्हणजे ज्याच्या नावची गाठ खांबास होती, तो तुबाजी शिलेदार तेथे बसून बायकोच्या पाटल्या हरला. ती बाई गोमाजीकडे येऊन रडली, "दारोगाबाबा, माझी गाठ जागची हलली नाही, मग हे झालं कसं?" गोमाजीस नोकरी गेली तेव्हा वाटले नव्हते इतके वाईट वाटले. मग त्यांनी खांब उपटविला आणि चार हमालांकरवी थेट दिवाणखान्यात नेऊन उभा केला.

दिवाणजी म्हणाले, "गोमाजी, हे काय आणिलेत?"

"सरकार, दारं सतरा केलीत, बरं केलंत. पण खांब एकच ठेवा. एका दारी अडवलेला माणूस सोळा दारांनी आत शिरतोय."

दिवाणजी हसले, आणि हसता हसता एका चिंधीस हात लागला, ती त्यांच्याच धाकट्या बंधूंच्या पागोट्याची, मग हसणे राहिले आणि हुकूम जाहला. खांब कचेरीपुढे रोवावा, सतराही फडांनी रोज सकाळी माणूस धाडून गाठी पाहाव्या, गाठीतला आत बसविल्यास परवाना जप्त.

गोमाजी कृतार्थ जाहले. आणि दारोगेपण गेले तैसा नेमही गेला, हे ध्यानी येऊन, स्नान करून, सरकारी शाल पांघरून, जन्मात पहिला फासा टाकावयास सातव्या फडाशी गेले. तो द्वारपाल हात जोडून आडवा. "दारोगासाहेब, माफी असावी. आपली गाठ आहे."

"माझी? कोणी मारली?"

"शालीचा कोपरा पाहावा."

पाहतात तो कोपरा नाही. तैसेच घरी आले. पत्नी लाडूबाई तांदूळ निवडीत होती, ती मान वर न करिता म्हणाली, "बत्तीस वर्षं तुमची बोटं पाहतेय मी."

गोमाजी डोळ्यांस पाणी येईतो हसले.

येणेप्रमाणे फड मोडला, परवाने जाहले, खांब राहिला. लाडूबाईने ती गाठ कधी सोडिली नाही, आणि गोमाजी कचेरीवरून जाता रोज ती चाचपून पाहात, आणि सैल वाटल्यास स्वहस्ते आवळीत. ऐकिले तितके लिहिले.