राव सरांची सही

राव सर कोरम झाल्याशिवाय कॉफीसुद्धा पीत नसत. मी थट्टा करत नाही. चेन्नईतल्या आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये ते बसत, समोर वाफाळता टंबलर असे आणि टेबलाशी तीन माणसं जमेपर्यंत ते त्याला हात लावत नसत. तीन जमली नाहीत तर घड्याळ बघून जाहीर करत, "कोरमअभावी कॉफी तहकूब." मग अर्ध्या तासाने, त्याच जागी, तीच थंडगार कॉफी ते एकट्याने पीत. तहकूब सभेला कोरम लागत नाही, असा नियम आहे म्हणे.

टी. एन. वेंकोबा राव म्हणजे आमच्या कॉलेजच्या प्राध्यापक संघटनेचे सरचिटणीस, सलग बावीस वर्षं. त्यांच्याविरुद्ध कधी कुणी उभं राहिलं नाही, कारण ते पद फुकटातसुद्धा कुणाला नको होतं. शिकवायचे वनस्पतिशास्त्र, पण सगळा जीव पोटनियमांत. एकदा एका सहकाऱ्याच्या वास्तुशांतीला "पायसम उत्तम झालंय" असं म्हणून ते चमचा हातात धरून थांबले. यजमान गोंधळला. "अनुमोदन कोण देतंय?" सरांनी विचारलं. शेजारच्या पंगतीतल्या एका म्हातारीने मान डोलावली, तेव्हा कुठे दुसरा चमचा तोंडात गेला.

नवऱ्याला इथल्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी सांगलीहून वेलचेरीला आले आणि या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला लागले. दुपारच्या पाळीत. सकाळची पाळी सरकारी अनुदानावरची, तिथले प्राध्यापक कायम. दुपारची पाळी कॉलेजने स्वतः चालवलेली, तिथले आम्ही हंगामी. दर एप्रिलला आम्हाला कार्यमुक्तीचं पत्र मिळे आणि दर जूनला, कॉलेजच्या मनात असेल तर, नवी ऑर्डर. मे महिनाभर आम्ही कुणीच नसायचो. संघटना फक्त सकाळवाल्यांची, त्यामुळे आमच्या वतीने तोंड उघडायलाही कुणी नाही.

पहिल्याच आठवड्यात मी स्टाफरूममध्ये आईशी फोनवर बोलत होते. मागून आवाज आला, "तुम्ही मराठी काय हो, अम्मा?"

दचकून वळले. कपाळावर उभं गंध, खिशात तीन रंगांची पेनं. राव सरांचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर इकडे आले ते इकडचेच झाले. त्यांची मराठीही त्यांच्याबरोबर आली आणि परत गेलीच नाही. कुणी जुना दस्तऐवज तमिळ चालीवर म्हणून दाखवावा तशी ती ऐकू यायची. मी "भारीच" म्हटलं की ते विचारत, "वजन किती?" आणि ते "सरी, मग कोठें बैसूं या?" म्हणाले की मला हसू आवरायचं नाही; 'सरी' म्हणजे तमिळमधलं 'बरं'. नवरा घरी यायचा रात्री, शेजारी बोलायचे तमिळ. दिवसभरात माझ्याशी मराठीत बोलणारं माणूस एकच होतं, आणि ते पोटनियमांबद्दल बोलायचं.

दुपारवाल्यांनाही संघटनेचं सभासद करून घ्यावं, हा ठराव सरांनी तीन वेळा मांडला होता. तिन्ही वेळा कोरम झाला नाही. अर्धा तास थांबून काम भागलं नसतं का? नाही. घटनादुरुस्तीला तहकूब सभा चालत नाही, असा नियम होता आणि तो खुद्द राव सरांनीच लिहिला होता.

चौथी सभा त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात आली. आठवडाभर ते प्रत्येक विभागात जाऊन बसले. सभेच्या दिवशी एक माणूस कमी पडत होता. भौतिकशास्त्राचे सेल्वम सर स्कूटर काढून निघालेच होते. राव सर धावत गेले, स्कूटरची किल्ली काढून स्वतःच्या खिशात घातली आणि म्हणाले, "किल्ली सभागृहात मिळेल." आम्ही दुपारवाल्या व्हरांड्यात उभ्या होतो. आतून टाळ्या ऐकू आल्या. सर दारात आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आतां आंत या." मला रडूच आलं.

एवढ्यावर काम संपलं नव्हतं. ठराव सोसायट्यांच्या रजिस्ट्रार कार्यालयात दाखल व्हायचा होता आणि त्या कागदावर सरचिटणिसाची सही हवी होती. सर निवृत्त व्हायचे एकतीस मे रोजी. त्यानंतर त्यांच्या सहीला अर्थ नव्हता, आणि नवा सरचिटणीस निवडायला पुन्हा सभा, पुन्हा कोरम. इकडे या जूनला चौघींना ऑर्डर मिळणार नाही अशी कुजबुज होती. चौघींत माझं नाव पहिलं.

सुट्टी लागली होती म्हणून कागद टाइप करून मी सरांच्या घरी निघाले. वेलचेरीची गाडी तेव्हा नुकती सुरू झाली होती. तिरुवल्लिक्केणीला उतरून चालत गेलं की दहा मिनिटांवर त्यांचं घर.

सरांनी कॉफी दिली. कागद वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. "तारीख चुकली, अम्मा. महिना अक्षरांत पाहिजे." मग तासभर सांगलीच्या गप्पा. तिकडे वांग्याला काय म्हणतात, सासूला काय हाक मारतात, तांदूळ कुठला.

दुसऱ्यांदा गेले तर समास कमी पडला. तिसऱ्यांदा सभासदसंख्या आकड्यात नको, अक्षरात. चौथ्यांदा 'सदर' हा शब्द दोनदा आलेला. दर वेळी कॉफी, दर वेळी तासभर गप्पा. टायपिंगवाला मला लांबून बघूनच हसायला लागला. मी मनात चरफडत होते, पण माणूस पडला काटेकोर, काय बोलणार!

पाचव्या खेपेला मे संपायला तीन दिवस होते. सरांनी कागद वाचला, चष्मा पुसला. "तारीख, अम्मा. महिना आंकड्यांत पाहिजे."

पिशवीत पहिला कागद होता. मी तो काढून त्यांच्यापुढे आपटला. "सर, पहिल्यांदा असंच होतं! तुम्हीच बदलायला लावलंत. तीन दिवस राहिलेत. माझी नोकरी जाईल हो!"

सरांनी पेन उघडलं. तिन्ही प्रतींवर न वाचता सही केली, शिक्के मारले, कागद नीट दुमडून माझ्या हातात दिले.

"पहिला कागद बरोबर होता," ते म्हणाले. "एक चूक नव्हती."

"मग सर, का?"

"बायको जाऊन चार वर्षें झालीं. मुलाशीं इंग्रजी, सुनेशीं तमिळ. तीं दोघें पण बेंगळूरला. ह्या घरांत मराठी बोलायला आतां कोणी नाहीं." ते खिडकीकडे बघत होते. "कागद झाला म्हणजे तुम्ही काय म्हणून याल?"

मग त्यांनी ताठ बसून कोरा कागद पुढे ओढला. "मी सर्वांचें नुकसान करीत होतों. सरचिटणीसाला हें शोभत नाहीं. लेखी दिलगिरी देतों, सभेपुढे ठेवा." आणि खरोखरच लिहायला लागले. मी त्यांच्या हातातून कागद काढून घेतला.

"मी येत जाईन, सर," मी म्हटलं. "दर आठवड्याला. कागद नसला तरी." ते मी अगदी मनापासून म्हटलं होतं.

"सरी, सरी," ते म्हणाले आणि मला सोडायला जिन्याखालपर्यंत आले.

कागद वेळेत दाखल झाला. संघटना प्राचार्यांना भेटली आणि जूनला चौघींनाही ऑर्डर मिळाल्या. मग वर्ग, पेपर तपासणं, त्यात मला संघटनेची सहचिटणीस केलेलं. सरांकडे मी दोनदा गेले. जूनमध्ये एकदा, ऑगस्टमध्ये एकदा.

त्यानंतर एक दिवस त्यांचा फोन आला. मी वेलचेरीच्या बाजारात भाजी घेत होते.

"कांही काम नाहीं," सर म्हणाले. "सहज. दोन शब्द बोलावे म्हटलें. वर्गांत असाल तर ठेवतों."

फोन म्हणजे तासभर. हातात दोन पिशव्या, घरी स्वयंपाक व्हायचा होता. "हो सर, वर्गातच आहे," मी म्हटलं. "नंतर करते."

"बरोबर, बरोबर. वर्ग सोडूं नका, अम्मा." आणि त्यांनीच फोन ठेवला.

पैसे द्यायला वळले तेव्हा दुकानदाराने तराजूला लावलेलं कुंकू दिसलं, दारात फोडलेला कोहळा दिसला. सरस्वती पूजेची, म्हणजे आपल्या खंडेनवमीची, सुट्टी होती त्या दिवशी, तमिळनाडूतलं एकही कॉलेज उघडं नव्हतं. आमच्या स्टाफरूममध्ये सुट्ट्यांची यादी दरवर्षी राव सरच लावत असत.