पाच पानांसाठी अर्ज

आमच्या अंगणातल्या कडुलिंबाचं एक पान जरी तोडायचं असेल, तरी आधी दामले भावजींकडे लेखी अर्ज करावा लागतो. सई, निल, पोरांनो, हसू नका. इथे आखातात, खलिफा सिटीतल्या आमच्या व्हिलातल्या सहाही घरांनी असे अर्ज केले आहेत. माझे दोन परत आले, 'कारण' हा रकाना रिकामा सोडला म्हणून.

भावजी शेजारच्या घरात एकटे राहतात. रुवैसच्या तेल कारखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते लेकीकडे इंग्लंडमधल्या एका खेड्यात गेले आणि वर्षभरात हे वेड घेऊन परतले. तिथे पाडव्याला गुढीसाठी काठी मिळेना. भावजींनी लेकीच्याच अंगणातल्या झाडाची सरळसोट फांदी तोडली, वर खण बांधला, तांब्या पालथा घातला. दुपारी कौन्सिलचा माणूस दारात! त्या झाडाला कायद्याचं संरक्षण होतं. घरमालकालासुद्धा परवानगीशिवाय फांदी तोडता येत नव्हती. भावजींनी घाबरून त्याला श्रीखंड वाढलं. त्यानं दोनदा मागून घेतलं आणि जाताना म्हणाला, "पुढच्या वर्षी मात्र अर्ज करा."

भावजी या शिस्तीवर फिदा झाले. तेव्हापासून त्यांचं पालुपद एकच: "वहिनी, झाड एकाचं असेल, सावली गावाची असते!"

अर्जानंतर पाहणी, पाहणीनंतर सुनावणी. सुनावणी त्यांच्या बैठकीत, चहा-चिवड्यासह, तासभर तरी. वरच्या मजल्यावरची वसईची सँड्रा एकदा कडाडली, "अंकल, माझ्या तांदळात पोरकिडे झालेत! तुमची सुनावणी होईपर्यंत त्यांची लग्नं लागतील!"

"मग तातडीचा अर्ज करा," भावजी म्हणाले. "फॉर्म वेगळा आहे."

मागच्या महिन्यात वॉचमन रशीद सांगत आला, "अंकल, मालिक बोला, पेड़ खलास. पार्किंग बनेगा."

भावजींचा चेहरा उतरला. पण तासाभरात खोडावर सुतळीनं नोटीस बांधलेली होती: हरकतींसाठी मुदत सहा आठवडे. सहाही घरांनी हरकती लिहिल्या. सँड्राच्या लेकीनं एवढंच लिहिलं, "नो ट्री, नो स्विंग."

मालक आला. झाडाखाली उभं राहून त्यानं एकेक कागद वाचून घेतला आणि पोट धरून हसला. "खलास, हबीबी, बात खतम! पेड़ रहेगा. जिसको पत्ता चाहिए, ले लो. कागज़ की ज़रूरत नहीं."

आम्ही टाळ्या वाजवल्या. फक्त भावजींनी वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सँड्रानं मूठभर पाला तोडला, त्यांच्या खिडकीकडे बघून हात हलवला आणि वर निघून गेली. बाकीच्यांचंही तेच. आठवडाभरानं मी त्यांच्या उघड्या दारावरून जात होते. बैठकीत सुनावणीचा ट्रे मांडलेला होता. सहा कप, सगळे पालथे. शेजारी चिवड्याचा डबा, झाकण घट्ट लावलेलं.

मी घरी आले, कागद घेतला, समास आखला आणि नीट अक्षरात लिहिलं: 'कडुलिंबाची पाने, नग पाच. कारण: चहा.'

भावजींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग घसा खाकरला.

"कारण अपुरं आहे, वहिनी," ते म्हणाले आणि एक कप सुलटा केला. "बसा. चर्चा करावी लागेल. आणि सँड्रालाही हाक मारा. तिचा तांदळाचा अर्ज अजून निकाली निघालेला नाही."