सुहानाचा चालता सत्कार

सत्कार योग्य वेळी व्हावा लागतो, आणि आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांचा आपला एकूण इतिहास पाहता ही वेळ खेळाडू निघण्यापूर्वीची असते.

पिंपळगाव बसवंतच्या सत्कार समितीने हे अभ्यासाअंती ठरवलं होतं. समितीच्या टिपणानुसार जाणारा खेळाडू फोटोत हसतो. परतलेला खेळाडू आपलं पदक किती सेकंदांनी हुकलं ते समजावून सांगत बसतो (यात जेवण गार होतं). शिवाय निघण्यापूर्वी प्रत्येकाकडून सुवर्णपदकाची अपेक्षा ठेवता येते. नंतर ही सोय राहत नाही.

पिंपळगावजवळच्या नांदगाव खेड्यातल्या सुहानाची वीस किलोमीटर चालण्याच्या शर्यतीसाठी निवड झाली, तेव्हा हातात तेवीस दिवस होते. त्यातल्या सतरा दिवसांत जिल्ह्यात तिचे एकोणीस सत्कार झाले. सत्कार सरासरी दोन तास पन्नास मिनिटांचा, शर्यत दीड तासाची. म्हणजे देशासाठी ती चालण्यापेक्षा बसण्याचा सराव जास्त करत होती, आणि त्यात तिची प्रगती उत्तम होती. चालण्यात मात्र ती स्वतःच्याच वेळेच्या चार मिनिटं मागे पडली होती. एवढ्या फरकाने शेवटून पहिला नंबर येतो.

विसावा सत्कार पिंपळगावचा. नकार देणं शक्य नव्हतं (नकार देणाऱ्या खेळाडूच्या डोक्यात हवा गेली असं म्हणतात, आणि ती पदक मिळाल्यावरही उतरत नाही). तिने समितीचे अध्यक्ष रंगनाथअण्णांना फोन केला.

"अण्णा, स्टेज नको. मी उद्या सकाळी हायवेच्या सर्व्हिस रोडने चालत येते. जाऊन-येऊन वीस किलोमीटर. वाटेत शाल घाला."

"वाटेत म्हंजे? थांबशील ना?"

"नाही थांबणार."

मिरवणूकही चालतच असते, हा दाखला विचारात घेऊन समितीने ठराव एकमताने संमत केला.

सकाळी द्राक्षांच्या पॅकहाऊसच्या रांगेसमोर अकरा मान्यवर शाली घेऊन उभे राहिले. सुहाना ताशी तेरा किलोमीटरच्या वेगाने आली आणि गेली. पहिली शाल कांद्याच्या टेम्पोवर पडली (चालकाने ती नम्रपणे स्वीकारली). अण्णा मागे धावले.

"सुहाना, जरा दम खा! लय लोक बोलावलेत गं!"

"अण्णा, तुम्ही पळताय! एक पाय कायम जमिनीवर पाहिजे, नाहीतर बाद!"

"मंग तुला गाठू कसा?"

"रोज सहाला सरावाला या!"

अकरापैकी दोघांना शाल घालता आली. सुहानाने मात्र आयुष्यातली सर्वोत्तम वेळ नोंदवली. कारण शास्त्रीय आहे: प्रत्येक किलोमीटरला तिच्या मागे कोणीतरी माइक हातात घेत होतं.

पुढे स्पर्धेत ती राष्ट्रीय विक्रम मोडून पाचवी आली.

"पाचवीच?" असं आत्ता ज्यांच्या मनात आलं, ते समितीचे आजीव सभासद आहेत. त्यांनी वेगळा अर्ज भरण्याची आवश्यकता नाही.