लोटूला थांबता येत नाही

"आवंदा निंबाले मन्हा पानमा वरण वाढाले लावसू! लिखी ठेवा!"

छगनने ही घोषणा लूमच्या खात्याच्या दारात केली. आत साठ माग खडखडत होते, त्यामुळे ती फक्त चार जणांना ऐकू आली. पण छगनचा जोश असा, की संध्याकाळपर्यंत ती सुरतेतल्या कोसाडच्या अख्ख्या वसाहतीला पाठ झाली.

आता यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. तर निंबा हा छगनच्या बायकोचा, शोभाबाईचा, सख्खा भाऊ. छगन राहायचा चौथ्या गल्लीत, निंबा सातव्या. दोन्ही गल्ल्या धुळे-जळगावकडच्या माणसांनी भरलेल्या. दरवर्षी श्रावणात खानदेशच्या कानबाई देवीचं विसर्जन झालं की त्याच दुपारी या दोन गल्ल्यांची कबड्डी व्हायची, आणि पुढच्या रविवारी वरण-बट्टीची पंगत. हरलेल्या गल्लीने वाढायचं, जिंकलेलीने बसून खायचं. चौथीचा कप्तान छगन, सातवीचा निंबा, आणि चौथी सलग पाच वर्षं हरलेली!

विचार करा! ज्या जावयाला सासरी पाट-तांब्याचा मान, तो जावई वरणाची बादली घेऊन साल्यापुढे वाकतोय, आणि साला बोटाने दाखवतोय, "दाजी, आठे थोडं आजून." गेल्या वर्षी तर निंबाने मूठभर खोबऱ्याची चटणीही परत मागितली होती. छगनला त्या रात्री झोप लागली नाही. एक माणूस म्हणून तो हरायला तयार होता. जावई म्हणून मात्र आता त्याच्याने होणार नव्हतं.

म्हणून त्याने यंदा हुकमी पत्ता काढला. लोटू! त्याच्या चुलतभावाचा मुलगा. कॉलेजात असताना शंभर मीटरमध्ये राज्यात दुसरा आलेला. आता हजीऱ्याच्या कारखान्यात कामाला लागला होता आणि महिन्याभरापूर्वीच चौथ्या गल्लीत छगनकडे राहायला आला होता. कबड्डी तो आयुष्यात कधी खेळला नव्हता.

"तेच तर!" छगन खात्यातल्या जोडीदाराला, गजेंद्रला, म्हणाला. "पेपरात छापून आलंय. ऑलिंपिक चाललंय ना अमेरिकेत? तिथले लोक असे बंदुकीच्या गोळीसारखे पळणारे धावपटू उचलतात आणि त्यांच्या त्या फुटबॉलमध्ये घालतात. लांबट चेंडू असतो बघ, डोक्यात लोखंडी टोपी घालून एकमेकांच्या अंगावर पडतात. म्हणजे कबड्डीच की, फक्त कपडे जास्त!"

"आन् ते टिकतस का तठे?" गजेंद्रने विचारलं.

खरं सांगायचं तर तो लेख त्याने भज्यांच्या पुडीवर वाचला होता. 'धावपटू त्या खेळात यशस्वी होतात का?' एवढा मथळा आणि पहिला परिच्छेद त्याच्या वाट्याला आला होता. उत्तर ज्या अर्ध्या कागदावर होतं, तो दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मिरच्यांबरोबर गेला होता.

"टिकतस म्हणजे काय! टिकतसच!" छगन म्हणाला.

पहिल्या सरावाला अर्धी गल्ली जमली. पंच म्हणून वसाहतीतले निवृत्त ड्रिलमास्तर ठाकोरभाई आले होते. त्यांनी शिट्टी वाजवली मात्र, लोटू सुटला तो सरळ मैदानाच्या टोकाला! लहानपणापासून शिट्टी म्हणजे पळायचं, एवढंच त्याला ठाऊक.

"अरे ऊभो रहे भाई, ऊभो रहे!" ठाकोरभाई ओरडले.

समजावून परत आणला. मग त्याने चढाई केली. काय चढाई! गेला कधी, एकाला शिवला कधी आणि मधली रेषा ओलांडून परत आला कधी, कुणाला कळलंच नाही. गल्लीने टाळ्या पिटल्या. पण लोटूला रेषेवर थांबायची सवय कुठे होती? तो रेषा ओलांडून, आपलं अख्खं अंगण ओलांडून, मागची हद्द ओलांडून थेट शेजारच्या कलाबाईने उघडीप बघून घातलेल्या पापडांच्या वाळवणात शिरला! हद्दीबाहेर गेला की गडी बाद.

"काका, शंभर मीटरला फीत तोडल्यावरही पळायचंच शिकवतात," लोटू पापड झटकत म्हणाला. "आधी थांबलं तर वेळ वाया जातो."

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, दहाव्यांदा तेच. शिवून यायचा आणि बाहेर जायचा. एक घ्यायचा, एक गमवायचा! शिवाय समोरून कुणी धरायला आलं की हा दचकायचा. त्याच्या खेळात प्रत्येकाने आपापल्या पट्ट्यातून पळायचं असतं, दुसऱ्याच्या पट्ट्यात शिरणं म्हणजे लबाडी. "तुम्ही माझ्या पट्ट्यात आलात," असं तो गजेंद्रला गंभीरपणे सांगायचा, तोवर गजेंद्र त्याच्या छातीवर बसलेला असायचा.

छगनने उपाय केले. कमरेला दोर बांधून मागून खेचलं, तर लोटूबरोबर छगनही पापडात. खिशात खडे भरले, तर चड्डी मैदानात राहिली आणि लोटू पुढे गेला. इकडे सातवीत बातमी पोचली की चौथीने वीज आणलीय, तिला बघायलाही सवड मिळत नाही. निंबा खरंच घाबरला. छगन त्याच्याहून जास्त घाबरला होता, पण ते सांगायचं कुणाला?

सोमवार उजाडला. सकाळी वाजतगाजत कानबाईचं विसर्जन झालं आणि दुपारी छगनच्या घरी रोट बसला. कानबाईचा रोट म्हणजे साधं जेवण नव्हे. भावकीतल्या दर पुरुषामागे गहू मोजून घ्यायचे, त्याच्या पुरणपोळ्या करायच्या, आणि त्या भावकीनेच संपवायच्या. छगनच्या भावकीत तर सूर्य मावळायच्या आत संपवायच्या. यंदा गावाकडचे सात भाऊबंद येणार म्हणून शोभाबाईने त्यांचेही गहू मोजले होते. त्यांची गाडी नंदुरबारलाच बंद पडली. खाणारे राहिले तिघं: छगन, त्याचे म्हातारे काका आणि लोटू. काकांना दात नव्हते.

"काकू, चार वाजता सामना आहे," लोटू तिसऱ्या पोळीला म्हणाला.

"कानबाईना रोट शे बेटा. उरवानं नही, बाहेर देवानं नही. खाय!"

सहाव्या पोळीला तो म्हणाला, "काका, मन्हा पोटमा जागा नही." छगनने हताश होऊन पाहिलं. जावयाची अब्रू एकीकडे, कानबाई दुसरीकडे! देवीपुढे कुणाचं चालतं? त्याने स्वतः आठ खाल्ल्या. लोटूने अकरा. त्यावर वाटीभर तूप.

चार वाजता वीज मैदानावर आली ती पोटावर हात ठेवून, डुलत डुलत. छगनला रडू यायचं बाकी होतं. सातवीच्या भावकीने आपला रोट आदल्या रात्रीच संपवला होता. त्यांचे गडी मोरासारखे टवटवीत.

शिट्टी झाली. लोटू हललाच नाही! ठाकोरभाईंनी पुन्हा शिट्टी वाजवली, तेव्हा तो सावकाश निघाला. "कबड्डी... कबड्डी..." म्हणत सत्यनारायणाच्या प्रसादाला निघाल्यासारखा चालत राहिला.

सातवीचे सातही जण मागच्या हद्दीला चिकटले. आता सुटेल, मग सुटेल, म्हणून त्यांचे डोळे विस्फारलेले. लोटू चालत गेला, समोर घामेघूम उभ्या असलेल्या एकाच्या खांद्याला हात लावला आणि चालत परत आला. मधली रेषा ओलांडली आणि थांबला!

"थांबला!" छगन किंचाळला. "गजेंद्र, पोऱ्या थांबला रे!"

मग काय! दर चढाईला सातवीवाले विजेची वाट बघत मागे सरायचे आणि लोटू दुकानातून निवांत एकेक वस्तू घ्यावी तसा एकेक गडी शिवून यायचा. सातवीही आपल्या चढायांत गुण घेत होती, त्यामुळे शेवटच्या चढाईआधी गुण सारखे झाले. निंबाने धीर केला आणि लोटूला कमरेला गच्च मिठी मारली. लोटूचे डोळे गरगरले. गाल फुगले. तोंडातल्या "कबड्डी"त एक लांब गुरगुर मिसळू लागली. निंबाने वर पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं, की अकरा पोळ्या आपल्या डोक्याच्या बरोबर वर आहेत.

"सोडा रे! सोडा त्याले! मन्हा नवा बनियन शे!" मदतीला धावलेल्या गड्यांवर ओरडत निंबाने मिठी सोडली.

लोटूने रेषेवर पाय टाकला. चौथी गल्ली एका गुणाने जिंकली!

"म्हणत होतो ना मी, पळणारा माणूस कबड्डी जिंकवतो!" छगन गल्लीच्या खांद्यावर बसून ओरडला.

"पण तो पळना कोठे?" गजेंद्रने विचारलं. ढोलताशात ते कुणी ऐकलं नाही.

रविवारी पंगत बसली. छगन पहिल्या पानावर, मांडी घालून, ताठ. समोर निंबा बादली घेऊन वाकला आणि पानात वरण पडलं. पाच वर्षांत एवढं गोड वरण छगनने चाखलं नव्हतं. पलीकडे लोटूच्या पानावर निंबाची मुलगी उज्ज्वला तूप वाढत होती. धार काही थांबेना. तो "बस" म्हणत नव्हता आणि तिला थांबायचं नव्हतं.

"दाजी, पोऱ्या कसा शे हो?" निंबाने हळूच विचारलं.

छगनला वाटलं, साला जळतोय! मग त्याने हात आखडला नाही. "हिरा आहे हिरा! सुपारीचं खांड तोंडात टाकत नाही. हजीऱ्याला पक्की नोकरी. आईबापाच्या शब्दाबाहेर नाही. असा मुलगा सुरतमध्ये दिवा घेऊन शोध, सापडणार नाही!"

"दाजींनी शब्द दिना व!" निंबा शोभाबाईकडे वळून ओरडला. "मंग उज्ज्वलानं जमनं!"

शोभाबाईचे डोळे भरून आले. माहेरची लेक आपल्याच भावकीत येणार! पंगतीत साखर वाटली गेली. मुलाचा काका म्हणून छगनच्या कपाळाला कुंकूही लागलं. त्याच्या तोंडातली बट्टी मात्र जागच्या जागी राहिली.

"लग्नानंतर राहायचं कुठं?" त्याने कसंबसं विचारलं.

"एकच पोर शे मन्ही. वरनी खोली रिकामी शे ना, सातव्या गल्लीमा! हजीऱ्यानी बस बी तठूनच निंघस. आन् ज्या गल्लीत राहशीन, तिन्हाकडून खेळशीन, व्हय ना लोटू?"

लोटूने लाजून मान हलवली. तुपाची धार अजून चालूच होती.

छगनने पानाकडे पाहिलं. मग बादलीकडे, मग साल्याकडे, मग साल्याच्या होणाऱ्या जावयाकडे.

"दाजी, आजून एक बट्टी?" निंबाने आग्रह केला.

"वाढ," छगन म्हणाला. "दोन वाढ. आते पुढे बसाले कव्हय भेटी, देव जाणे!"