ड्वेन टॅकेटचा उजवा पाय

ड्वेन टॅकेट मक्याच्या लापशीत लोणी कालवत होता, तेवढ्यात बायकोने चर्चचं ताजं पत्रक त्याच्यासमोर धरलं. पहिल्याच पानावर त्याच्या उजव्या पायाचा फोटो होता.

पाय म्हणजे पायाचा ठसा. नदीकाठच्या खडकात, डायनासोरच्या तीन बोटांच्या ठशाशेजारी, माणसाच्या पाच बोटांचा. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं : 'देवाने दोघांनाही एकाच दिवशी घडवलं.'

"मला सापडला," व्हर्ना म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "रविवारच्या शाळेची मुलं घेऊन नदीवर गेले होते ना, तेव्हा. यंदा पाणी आटलंय. तुला चकित करायचं म्हणून बोलले नाही. बावीस वर्षं मी मुलांना हेच शिकवतेय, आणि माझा तो शिकलेला भाचा दर नाताळला मला हसतो. आता हसू दे त्याला."

ड्वेनने फोटोतलं दुसरं बोट पाहिलं. ते अंगठ्याहून लांब होतं. तीस वर्षांपूर्वी नदीकडे उतरताना एका खड्ड्यात त्याच्या सासूचा पाय मुरगळला होता. ड्वेन फरशा बसवणारा माणूस. त्याने दुसऱ्याच दिवशी एकट्याने जाऊन तो खड्डा सिमेंटने बुजवला, आणि सुकलं का ते पाहायला त्यावर अनवाणी पाय ठेवला. सुकलं नव्हतं.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण व्हर्ना रुमाल शोधत होती.

"फोटो छान आलाय," तो म्हणाला.

दुपारी पास्टर लायल आले आणि त्यांनी व्हर्नाचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांच्यासमोर सांगणं बरं दिसलं नसतं. बुधवारी ठशाचा तसाच खोलगट प्लास्टरचा साचा करून चर्चच्या टेबलावर ठेवला गेला. पुढच्या आठवड्यात शेजारच्या जिल्ह्यातून दोन बसगाड्या भरून माणसं आली. एक म्हातारी खडकावर गुडघे टेकून त्या ठशाला हात लावत होती. ड्वेन मागे पेकनच्या झाडाखाली उभा होता, आणि एवढ्या उन्हात त्याला बूट घट्ट बांधून घ्यावेसे वाटत होते.

तिसऱ्या शनिवारी विद्यापीठातून डॉक्टर हेन्शॉ नावाच्या बाई आल्या. जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या. पास्टर चाळीस माणसं घेऊन त्यांच्या स्वागताला हजर.

"एकच खडक, दोन पावलं," पास्टर म्हणाले. "आता म्हणा, मधे कोट्यवधी वर्षं गेली."

"खडक एकच आहे का, ते आधी बघू," बाई म्हणाल्या आणि भिंग घेऊन उकिडव्या बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तीन बोटांचा ठसा खरा आहे. हा चुनखडक साधारण अकरा कोटी वर्षांपूर्वीचा, तेव्हा इथे समुद्रकाठचा चिखल होता. शेजारचं मात्र सिमेंट आहे. कडेला थापी फिरवल्याच्या खुणा दिसतात. हात चांगला होता गवंड्याचा."

ड्वेनला, लाज वाटायची ती वाटलीच, पण क्षणभर बरंही वाटलं. मग त्याचीही लाज वाटली.

"यांना दुसरं काय म्हणता येणार?" पास्टर म्हणाले. माणसं हसली.

बाईंनी ड्वेनच्या हातात टेपचं एक टोक दिलं, कारण तोच जवळ होता. "बघा, हा प्राणी सरळ चाललाय. दर चार फुटांवर एक पाऊल. फक्त इथलंच पाऊल गायब आहे. माझ्या मते ते या सिमेंटखाली आहे."

म्हणजे तो खड्डा नव्हताच. ड्वेनने टेप सोडून दिली.

रात्रभर तो कूस बदलत राहिला. रविवारी प्रार्थना संपल्यावर तो उठला, साच्याच्या टेबलाशी गेला आणि म्हणाला, "तो पाय माझा आहे. सिमेंटही माझंच. मी तीन आठवडे गप्प बसलो, त्याची मला लाज वाटते."

मग त्याने साचा खाली जमिनीवर ठेवला, खुर्ची ओढली, बूट काढला, मोजा काढला आणि सगळ्यांसमोर पाय साच्यावर ठेवला.

पाय बसेना. तीस वर्षांत साखरेच्या दुखण्याने तो सुजला होता. टाच इंचभर बाहेर, बोटं एकमेकांवर चढलेली. त्याने जोर लावून पाहिला. मोज्याच्या लोकरीचा एक धागा अंगठ्याला चिकटला होता, तो सगळ्यांना दिसत होता.

पास्टर खाली उतरले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बंधूंनो, त्या बाईंनी आपल्या ड्वेनला किती घोळात घेतलंय बघा. आणि तरीही हा माणूस सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतोय." मागून कुणीतरी 'आमेन' म्हटलं. ड्वेनला बूट घालायला दोघांनी मदत केली.

घरी जाताना गाडीत, वळणावर व्हर्ना म्हणाली, "तो ठसा तुझाच आहे."

"तुला पटलं?"

"अडतीस वर्षांत तू एकदाही म्हणाला नाहीस की चूक माझी आहे. हे तुला रचून सांगता यायचं नाही."

पुढच्या रविवारी तिने त्याला आपल्या वर्गात नेलं. अकरा मुलं होती. त्याने सगळं सांगितलं : खड्डा, थापी, पाय. खालचा ठसा आपण स्वतः छिन्नीने मोकळा करणार, आणि डॉक्टरबाई कसं करायचं ते दाखवणार आहेत, हेही सांगितलं.

पहिल्या रांगेतल्या मुलीने हात वर केला. पृथ्वीच्या वयाबद्दल विचारलं तर काय म्हणायचं, ते त्याने घरून ठरवून आणलं होतं.

"मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"लाज वाटली," ड्वेन म्हणाला.

मुलीने विचार केला. "मिसेस टॅकेट, खोटं लपवलं तर आम्हाला तुम्ही कोपऱ्यात बसवता."

व्हर्ना पुस्तकाची पानं उलटत राहिली. ड्वेन पाच वर्षांच्या मुलांची एक खुर्ची घेऊन कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. गुडघे हनुवटीला लागत होते. मागे कुणी हसलं नाही.

जरा वेळाने खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. व्हर्ना त्याच्या शेजारी येऊन बसली, भिंतीकडे तोंड करून.